गिटारच्या खुंट्या बदलायच्या आहेत? आधी छिद्र मोजा

एखादी तार बेंड केली, म्हणजे बोटाने आडवी ताणली, सोडली आणि सूर खाली बसला, की सगळ्यात आधी संशय जातो तो खुंटीवर. ती बटणासारखी समोर दिसते, हाताने फिरते आणि बदलायलाही सोपी वाटते. मित्रांच्या गिटारी मी बरीच वर्षं दुरुस्त करतो आहे. ‘खुंट्या बदलून दे’ म्हणून आलेल्या कितीतरी गिटारी मी खुंटीला हात न लावता परत दिल्या आहेत, आणि त्या आजही सुरात आहेत. त्यामुळे या लेखाची सुरुवात खरेदीने होणार नाही, तपासणीने होईल.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. दुकानात ‘ट्यूनर’ मागितला की क्लिप लावायचा ट्यूनर पुढे येतो. म्हणून तिथे ‘ट्यूनिंग की’ किंवा ‘मशीन हेड’ म्हणा. इथे मी खुंटीच म्हणणार आहे. तारा ज्या खाचांमधून जातात ती हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी म्हणजे नट. पान्याने आवळायच्या षटकोनी नटला मी चाकी म्हणतो.

दोष नक्की कुणाचा?

तंबोऱ्याची खुंटी नुसत्या घर्षणावर थांबते, लाकडात लाकूड रुतून. ती सरकायला लागली की खडू लावतात, आणि बारीक सूर मण्याने जुळवतात. गिटारच्या खुंटीचं काम वेगळ्या तत्त्वावर चालतं. तिच्यात वर्म गियर असतो. बटणाला जोडलेला, स्क्रूसारखे आटे असलेला दांडा पोस्टच्या, म्हणजे तार गुंडाळतो त्या खांबाच्या, दातेरी चाकाला फिरवतो, पण ते चाक उलटं दांड्याला फिरवू शकत नाही. म्हणजे तारेने कितीही ओढलं तरी धडधाकट खुंटी मागे फिरणार नाही. ‘खुंटी सरकते’ हे वाक्य म्हणूनच बहुतेक वेळा चुकीचं असतं. सरकत असतं दुसरंच काहीतरी.

पहिली चाचणी. गिटार सुरात लावा, एक तार जोरात बेंड करून सोडा. सूर उतरला तर नटच्या मागे, म्हणजे नट आणि खुंटी यांच्या मधल्या भागात, तीच तार बोटाने दाबून सोडा. सूर पुन्हा जागेवर आला तर दोष नटच्या खाचेचा. बेंड करताना नटच्या मागची थोडी तार पुढे आली, खाचेत अडकली आणि परत गेली नाही. तुम्ही मागून दाबलंत तशी ती निसटून जागेवर बसली. ट्रेमोलोचा (ब्रिज हलवून तारा ढिल्या-ताठ करणारा) दांडा खाली दाबून सोडल्यावर याच्या उलट होतं, सूर चढा राहतो. कारण तेव्हा तार खुंटीच्या बाजूला ओढली जाते आणि तिथेच अडकते. सूर लावताना ‘टिंग’ असा बारीक आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर वेगळ्या पुराव्याची गरजच नाही. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. तेवढ्याने भागलं नाही तर खाच योग्य जाडीच्या फाइलने मोकळी करून घ्या.

दुसरी चाचणी तारेच्या वेढ्यांची. पोस्टवर साध्या तारेचे सात-आठ वेढे एकमेकांवर चढलेले असतील तर ते वाजवताना हळूहळू आवळत जातात आणि सूर उतरत राहतो. तार नीट लावा आणि पुन्हा पाहा.

तिसरी चाचणी खुद्द खुंटीची. बटण चिमटीत धरून हलकेच मागे-पुढे फिरवा. बटण फिरतं आहे पण पोस्ट हलत नाही, असा एक मोकळा पट्टा हाताला जाणवतो. चांगल्या खुंटीत तो नावापुरता असतो. झिजलेल्या खुंटीत बटण पाव फेरा फिरलं तरी पोस्ट ढिम्म. मग पोस्टचं वरचं टोक बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखडलं तर चाकी ढिली असेल, नाहीतर बुश (छिद्रात पोस्टभोवती बसणारं धातूचं कडं) झिजलेला असेल. आधी चाकी, मागचा स्क्रू आणि बटणाच्या टोकाचा बारीक स्क्रू आवळून पाहा. गियर झाकलेल्या बंद डबीच्या खुंट्यांमध्ये बटण किती घट्ट फिरावं हे त्या टोकाच्या स्क्रूवर ठरतं. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

एवढं करूनही मोकळा पट्टा उरला, दाते घसरत असले, बटण चिरलं असलं किंवा खुंटी आतून गंजून करकरत असली, तर मात्र ती बदलायलाच हवी. मी रत्नागिरीत वाढलो. खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढलेल्या उघड्या गियरच्या खुंट्या कशा होतात ते मला चांगलं माहीत आहे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर आतून ग्रीस भरलेल्या बंद डबीच्या खुंट्याच घ्या.

मोजमाप: सगळं इथेच ठरतं

हा लेख घाईत वाचत असाल तरी हा भाग सावकाश वाचा. खुंटी बदलण्याच्या कामात जे काही बिघडतं, ते खरेदीआधी न मोजल्यामुळे बिघडतं. लाकडातलं छिद्र मोठं करता येतं, पण ते पुन्हा लहान करणं हे कसबी कारागिराचं काम आहे.

एक व्हर्नियर कॅलिपर घ्या. साधा प्लास्टिकचाही चालेल. सहावी तार काढा, ती एकच खुंटी पूर्ण उतरवा आणि पुढच्या बाजूने छिद्राचा व्यास मोजा. ढोबळमानाने दोन कुळं भेटतील. जुन्या धर्तीच्या, म्हणजे शिकागोच्या क्लुसन कंपनीने रूढ केलेल्या खुंट्यांना साधारण ८.७ ते ८.८ मिमीचं छिद्र लागतं. त्यात पुढून एक गोल बुश ठोकून बसवलेला असतो आणि त्यातून ६.३५ मिमीचा, म्हणजे पाव इंचाचा पोस्ट जातो. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आली तेव्हा तिच्यावर याच धाटणीच्या खुंट्या होत्या. दुसरं कूळ आधुनिक बंद डबीचं. त्याला साधारण १० मिमीचं छिद्र लागतं, आणि त्यात आट्यांचा बुश वरून चाकीसारखा आवळतात. ग्रोव्हर, शालर, गोटो यांच्या बहुतेक आधुनिक खुंट्या याच कुळातल्या. काही छिद्रं पायरीची असतात, पुढून एक व्यास आणि मागून दुसरा. त्यामुळे दोन्ही बाजूंनी मोजा.

मग मागची बाजू बघा. खुंटीला एक स्क्रू आहे की दोन? तो सरळ खाली आहे की तिरका, ४५ अंशात? की स्क्रू नाहीच, नुसत्या दोन छोट्या पिना लाकडात रुतल्या आहेत? नव्या खुंटीची पकड जुन्या छिद्रांवर तंतोतंत बसली तर ड्रिलला हात लावावा लागत नाही. नाही बसली, तर जुनी छिद्रं निदान नव्या डबीखाली झाकली जातील ना, एवढं तरी पाहा.

तिसरं माप शेजारच्या दोन पोस्टच्या मध्यांमधलं अंतर. सहा खुंट्या एका रांगेत असतील तर हे फार महत्त्वाचं. लेस पॉल या गिटारीसारख्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्यांच्या रचनेसाठी बनवलेल्या मोठ्या डब्या अशा रांगेत एकमेकींना भिडतात. तिथे छोट्या डबीचा संच लागतो. चौथं माप हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या बसतात त्या मानेच्या टोकाच्या, जाडीचं.

आणि बाजू विसरू नका. रांगेतल्या सहाही खुंट्या एकाच हाताच्या असतात, तीन-तीनमध्ये तीन डाव्या आणि तीन उजव्या. उलट्या हेडस्टॉकच्या गिटारीला डावखुऱ्यांचा संच लागतो. हे लक्षात न घेता मागवलेला संच परत पाठवताना मी पाहिला आहे.

जुनी आणि मोलाची गिटार असेल तर माझं मत ठाम आहे: तिचं छिद्र मोठं करू नका. एके काळी कित्येक जुन्या लेस पॉलवरच्या क्लुसन काढून, छिद्रं वाढवून ग्रोव्हर बसवल्या गेल्या. वाजवायला त्या उत्तम, पण मूळ अवस्थेतल्या गिटारीपुढे त्यांची किंमत आज कमी होते. जुन्या छिद्रात आणि जुन्या पकडीत जशाच्या तशा बसणाऱ्या, अगदी लॉकिंगच्या (तार चिमटून धरणाऱ्या) सुद्धा, खुंट्या आता मिळतात.

कोणती घ्यावी

डब्यावर १४:१, १५:१, १८:१, २१:१ असे आकडे दिसतील. १४:१ म्हणजे बटणाचे चौदा फेरे झाले की पोस्टचा एक. पोस्ट ६ मिमी जाडीचा धरला तर त्याचा परीघ सुमारे १८.८ मिमी. म्हणजे १४:१ च्या खुंटीत बटणाच्या एका फेऱ्याला सुमारे १.३ मिमी तार गुंडाळली जाते, १८:१ मध्ये जेमतेम १ मिमी, २१:१ मध्ये ०.९ मिमी. आकडा मोठा तितका सूर बारीक लावता येतो, पण तार बदलताना बटणही तितकंच जास्त फिरवावं लागतं. मला १८:१ पुरेशी वाटते. आणि एक सांगतो: ढिल्या दात्यांच्या २१:१ पेक्षा घट्ट दात्यांची १४:१ कधीही चांगली.

लॉकिंग खुंटीत पोस्टमध्ये एक छोटी पिन तार चिमटून धरते, त्यामुळे वेढे घालावे लागत नाहीत. खरा फायदा दोन ठिकाणी: तार झटपट बदलते, आणि ट्रेमोलो वापरणाऱ्याला वेढ्यांच्या सरकण्याचा त्रास उरत नाही. पण नटची खाच तार पकडत असेल तर लॉकिंग खुंटीने काहीही सुधारणार नाही. आणि फ्लॉइड रोझ ब्रिज असून नटवरच तारा आवळल्या जात असतील तर लॉकिंग खुंटीवर पैसे घालवू नका. तिथे नटच सगळं काम करतो.

रांगेतल्या हेडस्टॉकला ‘स्टॅगर्ड’ म्हणजे उतरत्या उंचीच्या पोस्टचा संच मिळतो. लांबच्या तारांचे पोस्ट बुटके असल्याने तार नटवर चांगल्या कोनात बसते आणि तार खाली दाबणारी छोटी पट्टी अनेकदा काढून टाकता येते. घर्षणाची एक जागा कमी होते, म्हणून मला हा संच मनापासून आवडतो.

वजनाकडे मात्र लोक बघत नाहीत. जुना संच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि नव्या संचाचं वजन विक्रेत्याला विचारा. एसजीसारख्या हलक्या अंगाच्या गिटारीला आधीच मान खाली झुकण्याची खोड असते. तिच्या टोकाला आणखी भार टाकलात तर डावा हात दर मैफलीत मान सावरत बसेल.

जुन्या खुंट्या उतरवणं

फिलिप्सचा १ नंबरचा स्क्रूड्रायव्हर, पाना (बहुतेक चाक्यांना १० नंबरचा बसतो), तार कापायचं कटर, मास्किंग टेप, १.५ मिमीचं ड्रिल बिट, मेणबत्ती, लाकडाचा फेविकॉल, थोडे टूथपिक आणि एक जाड टॉवेल एवढं जवळ ठेवा. टॉवेलची गुंडाळी करून मानेखाली द्या, म्हणजे हेडस्टॉक अधांतरी आणि मोकळा राहील.

तारा एकदम कापू नका. सगळ्या हळूहळू, आळीपाळीने ढिल्या करा, मगच कापा. चाकीवर पाना बसवण्याआधी तिच्याभोवती मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. पाना निसटला तर ओरखडा टेपवर जाईल. आधी चाकी काढा, मग मागचे स्क्रू.

हे स्क्रू जेमतेम २ मिमी जाडीचे आणि मऊ धातूचे असतात. एका जुन्या गिटारीवर मी घाई केली होती. स्क्रू घट्ट लागत होता, मी जोर लावला, आणि ‘टक्’ असा अगदी हलका आवाज होऊन डोकं हातात आलं, दांडा मेपलच्या लाकडातच राहिला. तो काढण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून स्क्रू हटला नाही तर मी सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक त्याच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद धरतो. आतलं जुनं लॅकर सैल होतं. मग आधी किंचित आवळून आणि नंतरच उलट फिरवतो. तुटण्याचं प्रमाण खूपच कमी झालं.

ठोकून बसवलेले बुश काढायचे असतील तर आधी त्यांच्या कडेने धारदार ब्लेड हलकेच फिरवा. रंगाचा थर तिथे चिकटलेला असतो आणि बुशबरोबर त्याचा पापुद्रा निघून येतो. मग आयर्नने बुश थोडा गरम करा आणि मागून, छिद्रात मावेल अशा लाकडी दांडक्याने सरळ ढकला. हातोडी मारायचीच असेल तर अगदी हलकी, आणि पुढच्या बाजूला छिद्राभोवती लाकडाचा आधार देऊन. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या गिटारीवर उष्णता बेताने वापरा. वास येऊ लागला की थांबा.

नव्या पोस्टपेक्षा छिद्र मोठं असेल, म्हणजे १० मिमीच्या छिद्रात जुन्या धर्तीची खुंटी बसवायची असेल, तर बाहेरून १० आणि आतून ६.३५ मिमीचे जोडबुश मिळतात. याउलट छिद्र लहान असेल आणि फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचाच असेल, तर निमुळत्या रीमरने हाताने, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, दर काही फेऱ्यांनी मोजत वाढवा. ८.८ वरून १० वर जायचं असेल तर ड्रिल प्रेस असलेल्या कारागिराकडे द्या. हातातल्या ड्रिलचं बिट आधीच असलेल्या छिद्रात हमखास एका बाजूला ओढतं आणि काठाचा ढलपा उडवतं. हे काम घरी करू नका, हे मी कळकळीने सांगतो.

नव्या बसवणं

सहाही खुंट्या छिद्रात घाला, पुढून वॉशर आणि चाकी हाताने लावा, आवळू नका. रांगेतल्या हेडस्टॉकवर डब्यांच्या मागच्या कडेला पोलादी पट्टी टेकवून सगळ्या एका रेषेत आणा. आता चाक्या जरा घट्ट करा, म्हणजे खुंट्या जागेवरून हलणार नाहीत.

जुनी स्क्रूची छिद्रं जुळत असतील तर प्रश्नच नाही. मोकळी झाली असतील, आटे गेले असतील, तर टूथपिकला फेविकॉल लावून छिद्रात घट्ट बसवा, बरोबर कापा, रात्रभर वाळू द्या आणि पुन्हा छिद्र पाडा. नवीन छिद्र असेल तर प्रत्येक स्क्रूच्या जागी टोकदार खिळ्याने मध्यबिंदू ठोका आणि खुंट्या पुन्हा उतरवा. बिटवर मास्किंग टेप गुंडाळून खोलीची खूण करा, स्क्रूच्या लांबीपेक्षा किंचित कमी. हेडस्टॉक साधारण १३ ते १५ मिमीच जाड असतो; बिट पुढून बाहेर आलं तर ती जखम कायमची. पिनांच्या खुंट्यांसाठी पिनेच्या टोकाला जराशी लिपस्टिक लावून खुंटी लाकडावर टेकवा. ठिपका नेमका जिथे उमटेल तिथे छिद्र.

स्क्रू लाकडात घालण्याआधी मेणबत्तीवर घासा. मेपल आणि रोझवुड कडक असतात, कोरडा स्क्रू त्यांत सहज तुटतो. मग शेवटचा क्रम: आधी चाकी बऱ्यापैकी, मग मागचा स्क्रू, मग चाकी आणखी पाव फेरा. एवढंच. चाकी दाबून आवळली तर वॉशरखालचं लॅकर तडकतं, आणि ती तडक कधीच जात नाही.

तारा

साध्या खुंटीत जाड तारांना दोन-तीन वेढे, पातळ तारांना तीन-चार, वरून खाली ओळीने, एकावर एक न चढवता. तार पोस्टच्या पुढे साधारण दीड खुंटी लांब ठेवून कापली की वेढे बरोबर पडतात. वरून चीर असलेल्या जुन्या धर्तीच्या पोस्टमध्ये तार आधी कापायची, मग टोक पोस्टच्या मधल्या छिद्रात सरळ खाली खुपसायचं, मग चिरेतून वळवायचं. कितीकांना हे छिद्र आहे हेच माहीत नसतं.

लॉकिंग खुंटीत पोस्टचं छिद्र नटच्या दिशेला आणा, तार ओवून ताणून ओढा, मागचं चाक बोटांनी घट्ट करा (पक्कड लावू नका, पिनेचे आटे जातात), उरलेली तार कापा आणि सुरात लावा. अर्ध्या फेऱ्याच्या आत सूर लागला की बसवणं बरोबर झालं.

आता प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी धरून दोन-तीनदा हलकेच वर ओढा, सूर उतरेल, परत लावा. उतरायचा थांबेपर्यंत हे करा. आणि सूर नेहमी खालून वर लावा. चढा झाला तर आधी स्वराच्या खाली उतरा, मग चढत या, म्हणजे दात्यांमधला मोकळा पट्टा भरून निघतो आणि तार ताणातच थांबते.

दुसऱ्या दिवशी सहाही चाक्या बोटाने तपासा. लाकूड आणि वॉशर एका रात्रीत थोडे बसतात, एखादी चाकी ढिली सापडतेच; तिला फेऱ्याचा आठवा भाग हलकेच आवळा. जुन्या खुंट्या, त्यांचे बुश आणि स्क्रू एका झिप पिशवीत घालून वर तारीख लिहा आणि गिटारच्या केसमध्येच ठेवून द्या.